कमी बजेटमध्ये पॅरिस: या चुका टाळा

पॅरिस महाग आहे, यात वाद नाही. पण आपल्याकडून गेलेल्या माणसाचे पैसे तिथे खाण्याफिरण्यात जातात त्याहून जास्त, स्वस्त दिसलेल्या गोष्टींपायी जातात. एकेका वस्तूचा दर बघून बुकिंग होतं, आणि सगळ्याचा मिळून हिशेब कुणी मांडतच नाही. तो घरीच, कागद-पेन घेऊन मांडायला हवा.

विमानतळाजवळचं हॉटेल

बुकिंगच्या साइटवर किमतीप्रमाणे यादी लावली की शार्ल द गोल विमानतळाजवळची, म्हणजे रुआसी भागातली हॉटेलं वर येतात. खोली छान, दर कमी, शिवाय उतरल्या उतरल्या मुक्काम. पण विमानतळाच्या स्टेशनवरून शहरात जायचं तिकीट वेगळं असतं. २०२५ मध्ये ते माणशी १३ युरो झालं, एका बाजूचं. नवरा-बायको चार दिवस रोज जाऊन-येऊन करणार असतील तर १३ गुणिले २ गुणिले २ गुणिले ४, म्हणजे २०८ युरो नुसत्या ट्रेनचे. खोलीत वाचवलेले पैसे तिथेच संपले, वर रोजचे दीड-दोन तास प्रवासात गेले.

त्यापेक्षा मेट्रोच्या कडेच्या स्टेशनांजवळ बघा. मोंत्रई, व्हॅन्सेन, इसी ही उपनगरं शहराला अगदी चिकटून आहेत आणि मेट्रो तिथपर्यंत जाते. जानेवारी २०२५ पासून पॅरिस आणि आसपासच्या सगळ्या भागात मेट्रो व लोकल ट्रेनचं तिकीट एकच झालं, तेव्हा २.५० युरो. विमानतळ तेवढे यातून वगळलेत. त्यामुळे थोडं बाहेर राहिलं म्हणून तिकीट वाढत नाही. हॉटेलच्या दरात शहराचा पर्यटन कर धरलाय का, तेही बघून घ्या. तो माणशी आणि रात्रीमागे लागतो आणि बऱ्याचदा काउंटरवर वेगळा मागतात.

रुआसीचं बुकिंग होऊन गेलंय आणि रद्द होत नाही? तरी मार्ग आहे. आठवड्याचा पास.

पासचा आठवडा सोमवारी सुरू होतो

नाव्हिगो म्हणजे पॅरिसच्या सार्वजनिक वाहतुकीचं कार्ड. त्याच्या साप्ताहिक पासात मेट्रो, बस, ट्राम, लोकल आणि दोन्ही मोठे विमानतळ सगळं येतं. २०२५ मध्ये तो ३१.६० युरोला होता, अधिक कार्डाचे ५. म्हणजे ३६.६०. विमानतळाचं येणं-जाणंच २६ युरो होतं. उरले १०.६०, त्यात मेट्रोच्या चार फेऱ्या बसतात. पाचव्या फेरीपासून पास फायद्यात, आणि पॅरिसमध्ये पाच फेऱ्या दीड दिवसात होतात.

फसगत होते ती वारांमध्ये. हा पास घेतल्या दिवसापासून सात दिवस चालत नाही. तो सोमवार ते रविवार असाच चालतो. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो. शुक्रवारी मागितलात तर पुढच्या सोमवारपासूनचा हातात पडतो. गुरुवारी उतरून बुधवारी परतणाऱ्याला म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही. विमानाचं तिकीट काढण्याआधीच हे लक्षात ठेवा आणि जमलं तर सोमवारी-मंगळवारी पोहोचा. एवढ्या एका बदलाने जेवढे वाचतात तेवढे इतर कुठल्याच युक्तीने वाचत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

कार्डावर नाव लिहून फोटो चिकटवावा लागतो, अडीच बाय तीन सेंटिमीटरचा. व्हिसासाठी काढलेल्या फोटोंपैकी एक कापून पाकिटात ठेवा. फोटो नसेल तर तपासनीस दंड करू शकतो. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. एकाच कार्डावर दोघं जण जाऊ शकत नाहीत. आणि सुटं तिकीट काढून फिरत असाल तर मेट्रोच्या साध्या तिकिटावर विमानतळ गाठायचा प्रयत्न करू नका, तिथलं गेट उघडत नाही आणि दंड होतो. हे सगळे दर जानेवारीत बदलतात, निघण्यापूर्वी ताजे बघा.

युरोपातल्या युरोपात स्वस्त विमान घेतलंत तर तिकिटावर बोव्हे लिहिलंय का तेही पाहा. नावात पॅरिस असलं तरी तो विमानतळ शहरापासून ८० किलोमीटरवर आहे, बसने सव्वा तास.

म्युझियमची तिकिटं

लुव्रचं तिकीट युरोपाबाहेरच्या पर्यटकांसाठी जानेवारी २०२६ पासून ३२ युरो झालंय. दिवसभर रमणार असाल तर ते वसूल होतं. फक्त मोनालिसासमोर फोटो काढायचा असेल तर ते पैसे वाचवा. अठरा वर्षांखालच्या मुलांना लुव्र मोफत आहे, तरी मधल्या साइटवरून मुलांचीही तिकिटं काढणारे पालक असतात. बुकिंग म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. लुव्र मंगळवारी बंद, ओर्से हे दुसरं मोठं म्युझियम सोमवारी. ओर्से महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतं, फक्त वेळ आधी राखून ठेवायची.

आणि पालिकेची म्युझियम्स विसरू नका. मारे भागातलं कार्नाव्हाले, म्हणजे खुद्द पॅरिसचा इतिहास, आणि १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला पेती पाले, दोन्हींचे कायमस्वरूपी संग्रह मोफत. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्येही आत जायला पैसे पडत नाहीत. तिथे कुणी प्रवेशाचं तिकीट विकत असेल तर घेऊ नका.

बॅगेतला खाऊ आणि पाणी

चिवडा, भाकरवडी, कोरड्या चटण्या खुशाल न्या. पण तूप, पेढे, खव्याची मिठाई युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाही. दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांवर बंदी आहे. मे महिन्यात जाणाऱ्यांनी हापूसही नेऊ नये. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, नाहीतर पेटी तिथेच जप्त होते.

पाण्याची बाटली विकत घेत बसू नका. रस्त्यांवर हिरव्या ओतीव लोखंडाची, चार स्त्रियांनी डोक्यावर घुमट पेललेली कारंजी दिसतात. रिचर्ड वॉलेस या दानशूर इंग्रज गृहस्थांनी १८७२ पासून ती उभारून दिली. पाण्याची बारीक धार चालू असते, ते पिण्याचंच आहे. रेस्टॉरंटमध्ये ‘काराफ द’ओ’ मागा, जेवणाबरोबर नळाच्या पाण्याचा जग फुकट मिळतो. नुसतं पाणी म्हटलंत तर बाटली येते आणि बिलात लागते. बसून जेवायचं असेल तर ते दुपारी. ठरावीक दराचा मेन्यू रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो. शाकाहारी असाल तर सॅलड आणि सूपमध्येही मांस किंवा त्याचं पाणी आहे का, ते विचारून घ्या. मारे भागातल्या रोझिए गल्लीतला फलाफल, म्हणजे वाटलेल्या छोल्यांच्या वड्यांचा रोल, पोटभर होतो.

कार्ड मशीनने रुपये की युरो असं विचारलं तर युरो निवडा. रुपये निवडले की मशीनवाल्याचा महागडा दर लागतो.

राहिला व्हिसा. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे आणि नाकारला तरी ती परत मिळत नाही. म्हणून रद्द न होणारं विमान आणि हॉटेल व्हिसा हातात आल्यावरच घ्या, तोवर रद्द करता येणारं बुकिंग चालतं. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाचं कव्हर किमान ३०,००० युरोंचं हवं. कमी असेल तर अर्ज तिथेच अडतो.