कॉन्फिग फाइलला हात लावताना या चुका टाळा

लिनक्स सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग लिहिलेल्या फाइलमध्ये, काम दोन ओळींचं असतं, आणि त्या दोन ओळींपायीच माणूस आपल्याच सर्व्हरच्या दाराबाहेर उभा राहतो.

‘सुडो’ कमांडने अ‍ॅडमिनचे अधिकार कोणाला मिळतील हे ठरवणारी सुडोअर्स फाइल साध्या एडिटरने कधीच उघडू नका. त्यासाठी विसुडो आहे. सेव्ह करताना व्याकरण चुकलेलं दिसलं की ते अडवतं आणि ‘व्हॉट नाऊ?’ विचारतं. इथे ‘ई’ दाबलं की फाइल पुन्हा उघडते, ‘एक्स’ दाबलं की बदल टाकून बाहेर. मोठा ‘क्यू’ मात्र चुकीसकट सेव्ह करतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणखी एक खोच: सुडोअर्स.डी फोल्डरमधल्या फाइलच्या नावात टिंब असेल तर सुडो ती वाचतच नाही, एररही देत नाही. नियम अगदी बरोबर लिहून तो लागू का होत नाही हे शोधण्यात मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या सोयीची, सेटिंग बदलल्यावर लगेच रीस्टार्ट करायचा मोह होतो. आधी ‘सुडो एसएसएचडी -टी’ चालवा. काहीच छापून आलं नाही, तर व्याकरण ठीक आहे. पण फक्त व्याकरणच. ‘अलाऊ-यूजर्स’मध्ये, म्हणजे कोणाला लॉगिन करता येईल त्या यादीत, स्वतःचंच नाव चुकवलंत, तर ही तपासणी गप्पच बसेल. म्हणून चालू सेशन तसंच ठेवायचं, रीस्टार्टनंतर दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन करून बघायचं, आणि आत शिरता आलं तरच पहिलं बंद करायचं.

सगळ्यात दगाबाज एफस्टॅब, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या (माउंट करायच्या) याची यादी. यूयूआयडीतलं, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकातलं, एक अक्षर चुकलं तरी आज काहीच बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या रीबूटला, कदाचित महिन्यांनी. लिनक्स सुरू करून देणारं सिस्टमडी त्या डिस्कसाठी सहसा ९० सेकंद थांबतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या कमांड लाइनवर, नेऊन सोडतं. तिथे फाइल सेव्ह होत नसेल तर घाबरू नका, रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टम, फक्त वाचण्यापुरतं माउंट झालेलं असतं. ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ दिलं की लिहिता येतं. ही वेळच नको असेल तर बदल केल्या केल्या ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा आणि काढघाल होणाऱ्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ टाका, म्हणजे ती डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होतो.

बॅकअप ‘सीपी -ए’ने घ्या, म्हणजे मालकी आणि परवानग्या टिकतात. फक्त ती प्रत एनजिनेक्स या वेब सर्व्हरच्या साइट्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथली प्रत्येक फाइल तो खरी समजून वाचतो, बॅकअपसुद्धा.