खान्देशातलं हरवलेलं फुटबॉल मैदान शोधायचं असेल तर

गावातल्या जुन्या क्लबाचं मैदान कुठं होतं असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं, आणि बहुतेक वेळा ते अर्धंच बरोबर असतं. क्लब एका जागी राहतच नाही. आधी रेल्वेच्या पडीक जागेत खेळतो, तिथं क्वार्टर बांधली गेली की गिरणीच्या आवारात जातो, गिरणीला टाळं लागलं की कॉलेजच्या दारात उभा राहतो. सांगणाऱ्याला आठवतं ते त्याच्या ऐन विशीतलं मैदान. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, जागा, जागेचा मालक, आणि हे कुणी सांगितलं. चौथा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण दोन साक्षी एकमेकींशी भांडायला लागल्या की तोच कामाला येतो.

तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात करा. मैदान क्लबाच्या मालकीचं असणं दुर्मीळच. जागा कुणाची होती हे कळलं की कागद कुठं सापडतील हे कळतं. खान्देशात मालक साधारण पाच प्रकारचे: रेल्वे, कापडगिरणी, शाळा-कॉलेज, मिशन आणि पोलीस. भुसावळला पहिला संशय रेल्वेवरच घ्यायचा. अमळनेरला १९०६ च्या प्रताप मिलचं आवार आणि कॉलेजचा परिसर बघायचा, धुळ्याला न्यू प्रताप मिल आणि पोलिसांचं परेड मैदान, नंदुरबार-नवापूर पट्ट्यात मिशनच्या शाळा. जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर आज खान्देश सेंट्रल हे व्यापारी संकुल उभं आहे. गिरणीच्या जागेचं पुढं काय होतं याचा तो नमुना समजा.

कागद

जुन्या कागदांवर जिल्ह्याचं नाव बघून गोंधळू नका. १९०६ मध्ये खान्देशचे दोन तुकडे झाले. 'पूर्व खान्देश' म्हणजे आजचा जळगाव, 'पश्चिम खान्देश' म्हणजे धुळे आणि नंदुरबार. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे नंदुरबार किंवा तळोद्यातल्या जागेचा त्याआधीचा कागद नंदुरबारला मिळाला नाही, तर धुळ्याला चौकशी केल्याशिवाय हात टेकू नका.

शहरातली जागा असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून नगर भूमापनाचा नकाशा आणि मिळकत पत्रिका काढा. हा नकाशा १:५०० च्या प्रमाणात असेल तर १०० मीटरचं मैदान कागदावर २० सेंटिमीटर भरतं, म्हणजे कोपरान् कोपरा दिसतो. उलट सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीटवर तेच मैदान जेमतेम २ मिलिमीटर. ती शीट मैदानासाठी घ्यायचीच नाही. जुना नाला, जुना रस्ता, रेल्वेची साइडिंग कुठून जायची एवढ्यासाठीच घ्यायची.

गावकुसाबाहेरच्या जागेला सातबारा लागतो, आणि इथं हमखास ठेच लागते. जमीन एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या पत्रव्यवहारातला 'स. नं.' तसाच आजच्या ऑनलाइन सातबाऱ्यात टाकला तर भलत्याच शेतात जाऊन पोचाल. आधी तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेखमधून जुना नंबर–नवा नंबर जुळवून घ्या, मग जुने फेरफार काढा. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कधी गेली, ते फेरफारातच असतं. मैदान मोडल्याचं साल ठरवायला याहून पक्का कागद नाही.

सामन्यांच्या बातम्यांसाठी जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय आणि राजवाडे संशोधन मंडळ, अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय इथं जुन्या अंकांची चौकशी करा. जाण्याआधी फोन करा आणि कोणत्या सालाचे कोणते महिने हवेत ते नेमकं सांगा. 'जुने पेपर बघायचेत' एवढंच म्हटलं तर कपाट उघडायला कुणाला उत्साह येत नाही. बातमीत निकालापेक्षा स्थळाची ओळ महत्त्वाची: 'जिमखान्यावर', 'गिरणीच्या पटांगणात', 'स्टेशनामागील मैदानात'. 'जिमखाना' शब्दाला मात्र फसू नका. कधी तो मैदान असतो, तर कधी पत्त्यांचे डाव रंगणारी दोन खोल्यांची इमारत.

ढाली आणि चषकांवरच्या छोट्या पत्र्याच्या पट्ट्यांचे फोटो घ्या. पट्टीवर साल असतं, आणि सलग सालांत मध्येच खंड पडला असेल तर मैदान त्याच सुमारास सुटलं का, हे विचारायला जागा मिळते.

आकाशातून

संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांचे फोटो पाहण्याची सोय आहे, पण स्पष्ट फोटो या शतकातलेच. त्याआधी मोडलेलं मैदान त्यात नाही. अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ मध्ये घेतलेले फोटो १९९५ साली खुले झाले. ते यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्स्प्लोरर संकेतस्थळावर आहेत. त्यातल्या शेवटच्या काळातल्या चांगल्या फोटोंत सुमारे २ मीटरची वस्तू ओळखू येते, म्हणजे १०० बाय ६४ मीटरचं मैदान ५० गुणिले ३२ ठिपक्यांचा फिकट चौकोन. कुणी आधी स्कॅन करून घेतलेली फ्रेम फुकट उतरवता येते, न घेतलेलीला पैसे पडतात. जानेवारी ते मे मधली तारीख निवडा. पावसाळ्यानंतरच्या फोटोत सगळंच हिरवं, आणि हिरव्यात हिरवं शोधणार काय?

माणसं

'मैदान कुठं होतं?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी हे विचारा: बॉल बाहेर गेला की कुठं जाऊन पडायचा? सामना सुटल्यावर पाणी कुठं प्यायचात? दुसऱ्या हाफला ऊन कुणाच्या डोळ्यांत? गिरणीचा भोंगा कोणत्या गोलाच्या अंगाला वाजायचा? जागेचं नाव माणूस विसरतो, पण नाल्यात पडलेला बॉल काढायला कोण उतरायचं हे विसरत नाही. आणि नाला हलत नाही.

दोघा जुन्या खेळाडूंना एकत्र बसवू नका. ज्याचा आवाज मोठा त्याचं मैदान खरं ठरतं. वेगवेगळं विचारा, जमलं तर रिक्षानं जागेवर न्या. धुळे-अमळनेरकडं बोलणं अहिराणीत सुरू केलं, 'आप्पा, फुटबॉलनं मैदान कोठे व्हतं?', तर माणूस ओट्यावरून उठून दाखवायला येतो. भुसावळच्या रेल्वे वस्तीत हिंदीच बरी. 'जुन्या स्टँडजवळ' असं कुणी म्हणालं तर कितवा जुना ते विचारा. आज ज्याला जुना म्हणतात तो त्यांच्या वेळी नवा असू शकतो.

संघाचा ग्रुप फोटो हाती लागला तर चेहरे नंतर बघा, मागं काय दिसतं ते आधी. धुराडं, पाण्याची टाकी, चर्चचं टोक, टेकडी. एकापुढं एक उभ्या असलेल्या दोन स्थिर वस्तू सापडल्या की आज जागेवर जाऊन त्या पुन्हा तशाच एका रेषेत येतील असं उभं राहा. फोटोग्राफर त्याच रेषेवर कुठंतरी होता. अशा दोन रेषा मिळाल्या तर त्या जिथं छेदतील तिथं तो उभा होता. पाडलेलं धुराडंही चालतं, त्याची जागा नकाशावर असली तर.

जागेवर

दोन वेळा जायचं. एकदा डिसेंबर-जानेवारीत, सूर्य उगवल्यावर पहिल्या तासाभरात. तिरप्या उन्हात वीतभर उंचवट्याचीही सावली पडते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. दुसऱ्यांदा जून-जुलैतल्या पहिल्या जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. गोलासमोरची जमीन गोलकीपरच्या पायांनी झिजून बशीसारखी खोल झालेली असते, तिथं पाणी साचतं. ९० ते ११० मीटर अंतरावर समोरासमोर दोन डबकी दिसली तर टेप काढा. मेमध्ये जाऊ नका. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला भिडतो आणि माणूस मोजमाप अर्ध्यावर टाकून सावली शोधतो.

बरोबर ३० मीटरचा फायबरचा टेप, चार खुंट्या, सुतळी, होकायंत्र (फोनमधलं चालेल, पण लोखंडी कुंपणापासून लांब उभं राहून), जाड तळाचे बूट आणि काठी. विलायती बाभळीचा काटा चपलेच्या आरपार जातो. मुरमाड आणि दगडगोट्यांच्या जागी फुरसं असतं, म्हणून हात घालण्याआधी काठी घाला.

सगळ्यात बोलकी खूण मुरूम. खान्देशातली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर फुटबॉल म्हणजे चार महिने चिखल आणि चार महिने मुरगळलेले घोटे. म्हणून मैदान एकतर मुळातच बरड जागी धरतात, नाहीतर काळीवर मुरूम पसरून रोलर फिरवतात. आजूबाजूला काळी आणि मधेच तांबूस-पिवळट आयत दिसला, तिथं गवतही खुरटं असलं, तर थांबा. शेजारी कुणाच्या घराचा पाया खोदला जात असेल तर खड्ड्याच्या भिंतीत थर बघा. मैदानाचा मुरूम सारख्या जाडीचा, स्वच्छ आणि दाबलेला असतो. त्यात विटांचे तुकडे नि प्लास्टिक असेल तर ती घराची भरणी आहे, मैदान नव्हे.

दुसरी खूण खांबांचे बुडखे. इथं टेपशिवाय बोलू नका. फुटबॉलच्या गोलाची आतली रुंदी ७.३२ मीटर, खांबांची जाडी धरून मध्यापासून मध्यापर्यंत साडेसात मीटरच्या आतच अंतर येतं. ३.६६ भरलं तर तो हॉकीचा गोल. रेल्वे वस्तीत हॉकीही खेळली जायची, हे विसरू नका. १० ते ११ भरलं तर व्हॉलीबॉलच्या जाळीचे खांब. आणि मधोमध सिमेंटची पट्टी सापडली तर ती क्रिकेटची खेळपट्टी, विकेट ते विकेट २०.१२ मीटर. अशा सामायिक मैदानावर फुटबॉल बहुधा पट्टी टाळून एका कडेला खेळतात, तेव्हा पट्टी म्हणजे फुटबॉलचा मध्य असं धरू नका.

भुसावळला जुन्या रुळाचा तुकडा जमिनीतून वर आलेला दिसला की गोलपोस्ट सापडला म्हणून नाचू नका. रेल्वेच्या गावात कुंपणालाही रूळच असतात. शेजारी त्याच अंतरावर तिसरा, चौथा बुडखा असेल तर ते कुंपण.

दिशाही तपासा. सामने संध्याकाळचे, म्हणून मावळतीचं ऊन गोलकीपरच्या तोंडावर येऊ नये यासाठी गोल उत्तर-दक्षिण ठेवायची पद्धत. पण जळगाव-भुसावळ भागात रूळ साधारण पूर्व-पश्चिम धावतात, आणि रुळाकडेची लांबट जागा मिळाली तर मैदान नाइलाजानं तसंच आडवं पडतं. तिथं उन्हाचा प्रश्न खेळाडूंना विचारलेला असला की लगेच उलगडतं.

एक कोपरा पक्का झाला की बाकीचे सुतळीनं काढा. काटकोनासाठी ३-४-५ ची रीत: एका बाजूवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर, आणि दोन्ही टोकांमधलं अंतर ५ भरेपर्यंत दुसरी बाजू फिरवा. मैदानाची लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० मीटरच्या आत नियमात बसते, म्हणून 'आमचं मैदान एवढं मोठं नव्हतं' असं कुणी म्हणालं तर त्यांचंही बरोबर असू शकतं. आयतावर आज घरं उभी असतील तर आत शिरायचं नाही. गल्ल्या बघा. एखादीच गल्ली बाकीच्यांशी तिरकी, एखादीच भिंत कारण नसताना शंभर मीटर सरळ, कडुनिंबांची एकच रांग: मैदानाची कड बहुधा तीच.

परवानगी

रेल्वेच्या हद्दीत बिनपरवाना शिरणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भुसावळला मंडल कार्यालयात साधा लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, माणसं किती, फोटो कशाचे. रूळ आणि यार्डाचे फोटो काढणार नाही हे अर्जातच लिहिलं तर पुढचे प्रश्न कमी होतात. पोलीस मैदानावर विचारल्याशिवाय फोन बाहेर काढू नका. बंद गिरणीत सुरक्षारक्षकाला बरोबर घ्या, आणि छपराखालून न जाता मोकळ्या आवारातूनच फिरा. झुडपांत विहीर असते आणि तिला कठडा असेलच असं नाही.

नोंद करताना अक्षांश-रेखांश दशांशात पाच घरांपर्यंत लिहा. पाचवं घर म्हणजे साधारण एक मीटर. फोनचं जीपीएस स्वतःच तीन-चार मीटर इकडंतिकडं सांगतं, म्हणून एकाच कोपऱ्यावर पाच मिनिटांच्या अंतरानं तीन वाचनं घेऊन सरासरी काढा. जे मोजलं ते शाईनं, जे ऐकलं ते पेन्सिलनं. आणि बुडखा सापडला तर उपटून आणू नका. जमिनीतून काढला की तो नुसता गंजका पाइप. पुढच्या माणसाला ७.३२ मोजायला दोन्ही जागेवरच हवेत.