माइकला ओठ लागण्याआधी

स्टेजवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कोणाला विजेचा धक्का बसू नये, यासाठीची तयारी आदल्या दिवशीच सुरू करा. कार्यक्रमाच्या दिवशी सोल्डरिंग आयर्न तापवायला कोणालाच सवड नसते. सगळ्या पॉवर केबल एकत्र काढा आणि प्रत्येकीचा प्लग बघा. अर्थची (दोष झाला तर वीज जमिनीत नेणाऱ्या तारेची) पिन मोडलेली किंवा कोणीतरी मुद्दाम कापलेली सापडली, तर ती केबल बाजूला ठेवू नका, तिथल्या तिथे प्लग कापून टाका. बाजूला ठेवलेली केबल ऐन घाईत हमखास परत येते. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावून प्लगच्या अर्थ पिनपासून अँपच्या (अँप्लिफायरच्या) मागच्या एखाद्या उघड्या स्क्रूपर्यंत बीप येतो का ते तपासा. रंग दिलेल्या पत्र्यावर मीटर काहीच सांगत नाही, म्हणून स्क्रू. तपासताना केबल हलवत राहा. आतून तुटलेली तार स्थिर असताना बऱ्याचदा जुळलेलीच असते. हे सगळं अर्थातच प्लग काढलेला असताना.

जुना व्हॉल्व्हचा अँप असेल आणि त्याला दोनच तारांची केबल असेल, तर जाणत्या कारागिराकडून तीन तारांची केबल बसवून घ्या. स्वतः उघडायचा मोह नको. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 400 व्होल्ट किंवा त्याहून जास्त साठून राहू शकतात.

पिशवीत मल्टिमीटर, तारेला न टेकता वीज ओळखणारा टेस्टर, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज भलतीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेला बोर्ड, दोन डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डब्या), टॉर्च आणि टेप. एवढं पुरतं.

जागेवर पोचल्यावर पहिलं काम मेन स्विच कुठे आहे ते पाहणं, आणि तो बंद कोण करणार हे ठरवणं. मग सॉकेट मोजा. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यात 230 व्होल्टच्या आसपास (काही देशांत 120), फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडे, एखाद-दोन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा कमी किंवा हेलकावे खाणारा असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे असं धरून चाला. तीन दिव्यांच्या सॉकेट टेस्टरवर मात्र पूर्ण विसंबू नका. कोणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवले असतील आणि वर फेज-न्यूट्रलही उलटे असतील, तर तो टेस्टर सगळं ठीक असल्याचं दाखवतो आणि तुमच्या मिक्सरच्या पत्र्यावर मात्र पूर्ण 230 व्होल्ट असतात. म्हणून अँप किंवा मिक्सर लावल्याबरोबर, हात लावण्याआधी, न टेकता ओळखणारा टेस्टर त्याच्या पत्र्याजवळ न्या.

माइक, मिक्सर आणि स्टेजवरचे अँप एकाच ठिकाणाहून वीज घेतील असं बघा. थ्री-फेज जोडणी असेल तर साउंड एका फेजवर, लाइट दुसऱ्यांवर; दोन फेजमधला दाब 400 व्होल्ट असतो, हे विसरू नका.

आता या यादीतलं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं हेच बहुतेक जण सोडून देतात. गिटारच्या तारा ब्रिजमधून आणि केबलच्या शील्डमधून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. माइकची जाळी तशीच मिक्सरच्या पत्र्याला. यातल्या एकाचं जरी अर्थिंग गेलं आणि आत कुठे फेज पत्र्याला टेकला, तरी काही कळत नाही. आवाजही नीट येतो. मग गायक तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावतो आणि सर्किट त्याच्या छातीतून पूर्ण होतं. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मे 1972 मध्ये स्वान्सीत स्टेजवरच गेला, तो अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. म्हणून मीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं तारांना. प्रत्येक माइक आणि प्रत्येक गिटार अशा जोड्या करून मोजा. एखाद-दोन व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर थांबा आणि कारण शोधा. दोन पिनच्या अडॅप्टरमुळे कधीकधी 80-100 व्होल्ट दिसतात आणि नुसत्या झिणझिण्या येतात. मीटर कमी इम्पीडन्सच्या (मीटर स्वतः थोडी वीज खेचतो अशा) सेटिंगवर ठेवला की तो आकडा कोसळतो. खरा दोष असेल तर कोसळत नाही. खात्री होईपर्यंत तो खराच समजा. माइकवर स्पंज चढवून काम भागवणारेही असतात, पण घामाने स्पंज ओला होतोच.

आकडे लक्षात ठेवा. साधारण 1 मिलीअँपिअर जाणवतो, 10 च्या पुढे स्नायू आवळून हात सुटत नाही, 30 च्या पुढे हृदयाला धोका. अँपमधला 5 अँपिअरचा फ्यूज म्हणजे 5000 मिलीअँपिअर. तो यंत्रासाठी आहे, माणसासाठी नाही. माणसासाठी आरसीसीबी, त्याचं टेस्ट बटण सुरुवातीलाच दाबून तो पडतो का बघा. (माइकला जाणाऱ्या 48 व्होल्टच्या फँटम पॉवरला मात्र उगाच घाबरू नका, ती रेझिस्टरमधून जाते, म्हणून करंट थोडाच राहतो.)

आणि घुंऽऽ असा आवाज येतो म्हणून कोणी अर्थची पिन काढायला सुचवलं, तर त्याला पाणी आणायला पाठवा. तो आवाज ग्राउंड लूपचा (दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडल्याने तयार होणाऱ्या फेऱ्याचा) असेल तर तो सिग्नलच्या बाजूने तोडायचा. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट सिग्नल केबलची शील्ड सोडवतं, मेनचं अर्थिंग नाही, म्हणून ते चालतं. बॅलन्स्ड केबल किंवा ऑडिओ ट्रान्सफॉर्मरही चालतो.

उघड्यावर असाल तर जोड जमिनीपासून उचलून झाका, केबलचा रीळ पूर्ण उलगडा, पाऊस आला की स्टेजची वीज बंद.

कोणाला करंट लागलाच तर त्याला धरायला धावू नका. आधी मेन बंद, मग हात लावा. श्वास नसेल तर मदत बोलवा आणि छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब सुरू करा. उठून बसला, बरा वाटला, तरी डॉक्टरकडे न्या.

आवरताना, ज्या वस्तूने झिणझिण्या दिल्या तिच्यावर चिठ्ठी चिकटवा: काय कशाला जोडलं होतं, मीटरवर किती व्होल्ट होते. दुरुस्त करणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो.