पालकसभेला येण्याआधी : शाळा, बंदूक आणि कपाटाची किल्ली

घोडबंदर रोडवरच्या आपल्या शाळेत शनिवारी पालक-शिक्षक संघाची बैठक आहे, विषय सुरक्षा. नुसतं "गेटवर मेटल डिटेक्टर बसवा" म्हणून परतायचं नसेल, तर थोडा अभ्यास करून या.

आधी दोन घटना लक्षात ठेवा. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलावर वर्गमित्रांनीच गोळ्या झाडल्या. पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौलला नर्सरीतलं पोर पिस्तूल घेऊन शाळेत आलं आणि तिसरीतला मुलगा जखमी झाला. "हे सगळं अमेरिकेत चालतं हो" म्हणणारे एकदोन जण असतातच, त्यांच्यासाठी एवढं पुरे.

मग शस्त्र कायदा, १९५९. सगळा वाचत बसू नका. कलम ९ पाहा : नेमबाजीच्या सरावाची सवलत सोडली, तर २१ वर्षांखालच्यांना बंदूक बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. खरी गोम कलम ३० मध्ये आहे. परवान्याच्या अटी मोडल्या, तर जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड, फार तर दोन्ही. बापाच्या उघड्या कपाटाची किंमत एवढीच.

याच्या शेजारी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं प्रकरण ठेवा, आणि ते मात्र सावकाश वाचा. ३० नोव्हेंबर २०२१ ला ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थी मारले. त्याच सकाळी त्याने गणिताच्या कागदावर बंदूक आणि रक्तबंबाळ माणूस काढला होता. शाळेने आईवडिलांना बोलावलं. त्यांनी मुलाला घरी नेलं नाही, शाळेने दप्तर उघडलं नाही, आणि तो पुन्हा वर्गात गेला. पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी घेतलेलं. २०२४ मध्ये आईवडील दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून मुख्याध्यापिकांना विचारायचा पहिला प्रश्न लिहून आणा : असा कागद आपल्याकडे सापडला, तर दप्तर कोण उघडणार आणि पालकांनी मूल न्यायला नकार दिला तर निर्णय कोणाचा?

बदलापूरच्या प्रकरणानंतर २०२४ मध्ये निघालेल्या, शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेबद्दलच्या शासन निर्णयाची प्रत ठेवा. सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असायची ती समिती) कोण आहे, तक्रारपेटी शेवटची कधी उघडली, तेही विचारा. सीसीटीव्हीवर मात्र तास घालवू नका, कॅमेरा दप्तरात बघत नाही.

शेवटी अर्ज. कलम १७ खाली सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. निवडणूक लागली की पोलीस परवानाधारकांची हत्यारं जमा करून घेतात, म्हणजे यादी त्यांच्याकडे असतेच. तेव्हा ज्या परवानाधारकांच्या घरी शाळकरी मुलं आहेत, तिथे नूतनीकरणाच्या वेळी हत्यार कुलपात असतं का हे बघावं, एवढीच मागणी लिहा. ठाण्याचे पालक ठाणे पोलीस आयुक्तांच्या नावे, ऐरोलीहून येणारे नवी मुंबई आयुक्तांच्या नावे. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्यायची आहे.