मिशनच्या मुलींच्या शाळेवर प्रबंध लिहिणार असाल तर

एम.ए.साठी हा विषय घेतलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: शाळा नक्की कधी सुरू झाली? त्यात फार अडकू नका. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मुंबईत मुलींची शाळा काढली ती 1824 मध्ये. पण त्या काळच्या अशा शाळा पगारी पंतोजीच्या भरवशावर चालत. बंद पडत, पुन्हा दुसरीकडे भरत. आजच्या दगडी इमारतीवरचं साल बहुधा अनेक सालांतून निवडलेलं असतं.

त्यापेक्षा माणसाचा माग काढा. मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार 1827 च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या, 1839 मध्ये अहमदनगरला गेल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. पुण्यात फुल्यांनी स्वतःची शाळा काढली ती 1848 मध्ये. हा दुवा कुणी फुगवून सांगतं, कुणी झाकतं. तुम्ही सरळ मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचा 1853 चा अंक काढून फुल्यांचं म्हणणं वाचा.

मिशनचे अहवाल आणि बोस्टनच्या 'मिशनरी हेरल्ड'चे अंक स्कॅन झालेले मिळतात. वाचताना एवढं धरून चाला, की ते वर्गणीदारांसाठी लिहिलेले आहेत. पटावरचा आकडा ठसठशीत असतो. रोज किती मुली येत, हे शोधावं लागतं.

खरा ऐवज शाळेच्या जनरल रजिस्टरात. त्यातला 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना मी सगळ्यात जास्त वेळ वाचला. लग्न, आजारपण, गाव सोडले. एकेका शब्दात आयुष्य मिटवलेलं. पट अचानक वाढलेला दिसला तर हुरळून जाऊ नका. 1899–1900 च्या दुष्काळात मिशनने बरीच अनाथ मुलं-मुली सांभाळायला घेतली होती. त्या सालातली वाढ शिक्षणाच्या ओढीपोटी झाली असं लिहिलंत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल. आणि यायलाच हवा.

शाळेत जाताना विभागप्रमुखांचं पत्र न्या. मार्च-एप्रिलच्या परीक्षा आणि जूनचे प्रवेश टाळून दिवाळीनंतर जा. मोबाइलवर फोटो काढायची परवानगी लेखी घ्या. अलीकडच्या नोंदींतली नावं प्रबंधात छापू नका. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की जुनं काही राहिलं नाही, तर नम्रपणे थांबा आणि जुन्या शिपाईमामांशी बोला. कुठल्या कपाटाची किल्ली कुणाकडे, हे बहुतेक त्यांनाच ठाऊक असतं.