माल्ट एक्स्ट्रॅक्ट कधी आणि कसं घालायचं: आधी गॅस बंद, मग माल्ट

माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा आटवलेला गोड अर्क, बीअर किंवा माल्ट सोडा करायला वापरतात. "उकळत्या पाण्यात माल्ट घाला आणि ढवळा" असं जो तो सांगतो आणि लोक तसंच करतात, मग पातेल्याचं बूड जळतं, ओटाभर चिकट तपकिरी फेस सांडतो आणि वर ऐकायला मिळतं की माल्टच खराब निघालं. माल्ट खराब नसतं हो, घालायची वेळ आणि पद्धत चुकलेली असते.

आधी कायद्याचं सांगतो. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बीअर करता येत नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यामुळे इथल्या फ्लॅटमध्ये तो उद्योग करू नका. मी हे शिकलो इंग्लंडमध्ये, तिथे १९६३ पासून स्वतःपुरती बीअर करायला लायसन्स लागत नाही. ठाण्यात आल्यापासून मी यीस्ट (साखरेची दारू करणारं खमीर) न घालता हॉप्सवाला माल्ट सोडा करतो; हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी एका वेलीची वाळवलेली फुलं. वॉर्ट, म्हणजे माल्टचं उकळलेलं गोड पाणी, दोन्हीकडे सारखंच असतं, त्यामुळे जिथे परवानगी आहे तिथे बीअर करणाऱ्यांनाही माल्ट घालायची ही पद्धत जशीच्या तशी लागू.

सामान: ४ लिटर पाणी, ५०० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (पावडर), ५ ग्रॅम हॉप्स, जाड बुडाचं उंच पातेलं. ठाण्यात जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानात मिळेल, पातळ बुडाचं स्वस्तातलं घेऊ नका. ड्रायच्या जागी लिक्विड असेल तर ६०० ग्रॅम घ्या कारण त्यात साधारण पाचवा हिस्सा पाणीच असतं. दुधात घालायची माल्टची पावडर चालत नाही, त्यात दूध आणि साखर असते. नाचणीचं सत्त्व पण नाही.

पाणी तापवा, उकळी आली की गॅस बंद करा.

आता माल्ट, पण सगळं नाही, फक्त एक तृतीयांश. ही पायरी मला जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात चुकीचे सल्ले पण हिच्याबद्दलच मिळतात. सगळं माल्ट सुरुवातीलाच घालून तासभर उकळलं तर रंग गडद होत जातो, सोनेरी हवं असतं आणि हातात येतं तपकिरी, शिवाय वॉर्ट जितकं घट्ट तितका हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो. आणि एक्स्ट्रॅक्ट कारखान्यातून आटवूनच आलेलं असतं, त्याला पुन्हा तासभर शिजवून काय मिळवायचंय? मग सुरुवातीला थोडं तरी का? कारण नुसत्या पाण्यात हॉप्स उकळले की कडवटपणा खरखरीत लागतो, थोडं माल्ट असलं की तो नीट उतरतो.

गॅस बंद म्हणजे पूर्ण बंद, सिम नाही. लिक्विड एक्स्ट्रॅक्ट पाण्यापेक्षा खूप जड, ते सरळ तळाशी जाऊन बसतं आणि खाली आच असेल तर विरघळायच्या आधीच करपतं. करपलेली चव अख्ख्या पातेल्यात पसरते आणि त्याला उपाय नाही, ओतून द्यावं लागतं. डबा आधी पंधरा मिनिटं गरम पाण्यात उभा ठेवा म्हणजे धार पातळ पडते, एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने तळ खरवडत ढवळायचं. उलथनं बुडाला घासताना कुठे गुळगुळीत, निसरडं लागलं तर तिथे माल्ट अजून बसलेलं आहे, सगळीकडे धातू खरखर लागेपर्यंत गॅस पेटवायचा नाही.

ड्रायचं दुखणं वेगळं. वाफेवर पावडर धरली की पाकिटाच्या तोंडाशीच गोळे होतात, चमच्याला चिकटतात, आत कोरडे राहतात. म्हणून ती आधी गार पाण्यात कालवा, वरच्या ४ लिटरमधलंच अर्धा-पाऊण लिटर पाणी बाजूला काढून ठेवा, गार पाण्यात गुठळ्या पटकन मोडतात, मग ते पातळ कालवण पातेल्यात ओता. गरम पाण्यातच विरघळते असं सांगणाऱ्याने आपल्याकडच्या पावसाळ्यात पाकीट उघडून बघावं. जून ते सप्टेंबर ही पावडर हवेतलं पाणी ओढून दगड होते, त्यामुळे लागेल तेवढीच काढा आणि बाकीची लगेच हवाबंद डब्यात.

गॅस पुन्हा पेटवा आणि तिथून हलू नका, फोन पण बाजूला. उकळी फुटायच्या बेताला फेस एकदम वर येतो, दूध फुंकर मारली की खाली बसतं तसं हे बसत नाही. आच कमी करा, गार पाण्याचा शिपका मारा. काही मिनिटांत फेस आपोआप मोडतो आणि वॉर्टमध्ये बारीक कण दिसतात, ती प्रथिनं असतात, घाबरू नका.

हॉप्स घाला, २० मिनिटं उकळा. बीअरवाले इथे तासभर उकळतात.

शेवटची १० मिनिटं उरली की परत गॅस बंद, उरलेलं दोन तृतीयांश माल्ट वरच्याच पद्धतीने घाला, परत पेटवा, परत पहारा. दुसऱ्या वेळी फेस येत नाही म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. १० मिनिटं उकळलं की झालं.

पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा, गाळा, अर्धं वॉर्ट अर्धा गार सोडा असं ग्लासात मिसळून प्या.

उरलेल्या वॉर्टच्या बाटल्या फ्रीजमध्येच ठेवायच्या आणि चार दिवसांत संपवायच्या. यीस्ट घातलं नाही म्हणून बाहेर ठेवली तर चालेल असं नाही, हवेतलं जंगली यीस्ट ठाण्याच्या उकाड्यात आपणहून कामाला लागतं आणि घट्ट बंद काचेची बाटली गॅसने फुटू शकते.