पोरांना घेऊन ऑर्व्हिएतो: आधी विहीर, मग चर्च

इटलीत पोरं सोबत असली की रोम-फ्लॉरेन्स करता करता कधीतरी "अजून एक चर्च?" सुरू होतंच. त्या दिवसासाठी टेकडीवरचं एखादं जुनं गाव राखून ठेवा, आणि मला विचाराल तर ते गाव ऑर्व्हिएतो. सिएना, सान जिमिन्यानो सुंदरच आहेत, पण सान जिमिन्यानोला रेल्वे स्टेशनच नाही, बस बदलत जावं लागतं आणि वर पोचल्यावर सगळं मान वर करून बघायचं. ऑर्व्हिएतोत पोरांना विहिरीत उतरायला मिळतं, जमिनीखालच्या गुहांत शिरायला मिळतं, मनोऱ्यावर चढता येतं. फक्त क्रम नीट लावा, कारण दमलेल्या पोराला विहिरीतून वर आणणं म्हणजे काय असतं ते वर आणणाऱ्यालाच कळतं.

रोमहून रीजनल ट्रेनने साधारण सव्वा तास. रीजनलचे दर ठरलेले असतात, आधी बुक करून काही वाचत नाही. कागदी तिकीट घेतलंत तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारायचा, मोबाईलवरचं असेल तर चेक-इन करायचं, नाहीतर दंड, आणि टीसीला "आम्ही टुरिस्ट आहोत" सांगून उपयोग होत नाही. आदल्या रात्री संपाची बातमी आहे का तेही बघा (इटालियनमध्ये 'शोपेरो'), शुक्रवारी हे जास्त होतं. फ्लॉरेन्सहून पण येता येतं पण रीजनलने दोन तासांच्या वर जातात, लहान पोरं असतील तर रोमहूनच बरं. गाडी भाड्याने घेतली असेल तर काम्पो देल्ला फिएराच्या पार्किंगला लावा, तिथून सरकते जिने आणि लिफ्टने थेट गावात, जुन्या गल्ल्यांत गाडी घालायच्या भानगडीत पडू नका.

स्टेशनच्या समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरीवर ओढली जाणारी छोटी ट्रेन. १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं की तो जड होऊन खाली यायचा आणि खालचा डबा वर ओढला जायचा. आता विजेवर आहे. दोन-तीन मिनिटांत वर, पुढच्या खिडकीशी उभं राहायला पोरांची मारामारी होणार हे धरून चाला. बाबागाडी बसते, पण वरचे रस्ते दगडी आणि विहिरीत-गुहांत ती चालणारच नाही, त्यामुळे अगदी छोटं असेल तर पोटाशी बांधायचं कॅरियर आणा.

वर उतरलात की तो पियात्सा काहेन. तिथून सगळे बसमध्ये बसून कॅथेड्रलकडे पळतात. तुम्ही पळू नका, विहीर इथेच आहे, दोन मिनिटांवर.

पोत्सो दि सान पात्रित्सिओ. १५२७ मध्ये सम्राट चार्ल्स पाचव्याच्या फौजेने रोम लुटलं, पोप क्लेमेंट सातवा पळून या टेकडीवर आला. टेकडी अशी की चारी बाजूंनी टफ नावाच्या दगडाचे सरळ कडे, शत्रू चढूच शकत नाही, पण वेढा पडला तर पाणी कुठून आणणार? म्हणून त्याने वास्तुकार आंतोनिओ दा सांगाल्लोला विहीर खोदायला लावली, ती १५३७ मध्ये पुरी झाली, तोवर पोपसुद्धा बदलला होता. खोली ५० मीटरच्या वर, रुंदी १३ मीटर. आणि खरी गंमत जिन्यांत आहे, दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरत खाली जातात पण कुठेच एकमेकांना भेटत नाहीत. खेचरं एका जिन्याने रिकामी उतरायची, तळाशी पाणी घ्यायची, छोट्या पुलावरून पलीकडे जाऊन दुसऱ्या जिन्याने वर, म्हणजे समोरासमोर ट्रॅफिक जॅम नाहीच. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर बघितली असेल तर पोरांना तीच आठवण करून द्या, तिथे बैल वर राहून मोट ओढायचे, इथे जनावरच खाली जायचं.

पायऱ्या २४८, म्हणजे २४८ खाली आणि २४८ वर. खेचरांसाठी केल्यात म्हणून बुटक्या आणि रुंद आहेत, पाच-सहा वर्षांचं पोर आरामात करतं. एक युक्ती सांगते, उतरताना आतल्या खिडक्यांतून समोरच्या जिन्यावर माणसं दिसतात, पोरांना म्हणायचं बघ ते काका आपल्याला कधी भेटतील, आणि ते कधीच भेटत नाहीत, तळाशी जाईपर्यंत पोरं याच कोड्यात अडकलेली असतात आणि पाय दुखतात हे विसरतात. खाली गार आणि ओलसर असतं, जूनमध्ये गेलात तरी पातळ जॅकेट हवंच. चप्पल नको, बूट घाला.

मग बसने किंवा कोर्सो काव्हूर या मुख्य रस्त्याने चालत गावाच्या मध्यात या. चालत पंधरा-वीस मिनिटं, चढ हलका आहे, पण विहिरीनंतर लगेच असेल तर बसच घ्या. चाललात तर वाटेत तोर्रे देल मोरो लागतो, ४७ मीटरचा मनोरा. दिसल्यावर पोरं म्हणणारच चढूया. सात-आठ वर्षांपेक्षा लहान असतील तर विहीर किंवा मनोरा, दोन्हीतलं एकच, आणि एकच असेल तर विहीर. मनोऱ्यावरून दृश्य छान आहे पण तसं दृश्य संध्याकाळी फुकटात मिळणारे, पुढे सांगते.

कॅथेड्रलच्या समोरच्या चौकात अंडरग्राउंड टूरचं ऑफिस आहे. गाइडशिवाय आत सोडत नाहीत आणि इंग्रजी टूरच्या वेळा ठरलेल्या, म्हणून विहिरीनंतर गावाच्या मध्यात पोचल्यावर आधी तिकडे जाऊन वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवसांत तर ऑनलाइनच करून या. टूर साधारण पाऊण-एक तासाची. या टेकडीच्या पोटात हजाराहून जास्त गुहा आहेत, एत्रुस्कन लोकांनी (रोमनांच्या आधी इथे राहणारे) पाण्यासाठी खोदायला सुरुवात केली आणि पुढे अडीच हजार वर्षं लोक खोदतच राहिले. आत ऑलिव्हचा घाणा आहे, अरुंद खोल विहिरी आहेत, आणि भिंतभर चौकोनी कोनाडे, ते कबुतरांचे. कबुतरं दिवसभर बाहेर चरून परत यायची आणि घरमालक त्यांना खायचा, फुकटचं मटणच म्हणा ना. एका ठिकाणी वाट अगदी चिंचोळी आहे, बंद जागेची भीती असेल तर गाइडला आधी सांगा.

टफ म्हणजे काय ते इथेच पोरांना दाखवा, ज्वालामुखीच्या राखेचा दगड, इतका मऊ की साध्या हत्याराने खोदता येतो. म्हणून तर गाव वर आणि गावाइतकंच खाली. एत्रुस्कनांचं हे शहर रोमनांनी इसवीसनपूर्व २६४ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि माणसांना बोल्सेना तळ्याकाठी हलवलं. मोठ्या मुलांना ही गोष्ट आवडते, लहानांना कबुतरं पुरेत.

जेवणाचं मात्र घड्याळ लावून करा. किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं, मग संध्याकाळी साडेसातपर्यंत धड जेवण नाही. साडेबारालाच बसा, पोरं असताना हा नियम मोडू नका. इथला पास्ता उंब्रिकेल्ली, जाडसर, हाताने वळलेला, पीठ आणि पाण्याचा, पारंपरिक पद्धतीत अंडं नसतं, त्यामुळे अंडं न खाणाऱ्या शाकाहारी मंडळींची सोय होते, तरी एकदा विचाराच. टोमॅटो-लसणाचा सॉस मागा, रागू म्हटलं की मांस आलंच. "सेन्त्सा कार्ने" (मांसाशिवाय) एवढं पाठ करा. बेकरीत लुमाकेल्ले नावाचे गोगलगायीसारखे वळलेले पाव दिसतील, साधे वाटतात पण आत चीजबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, व्हेज समजून पोरांच्या हातात देऊ नका. इथला पाव अळणी, तक्रार करू नका, तो तसाच असतो. बिलात माणशी कोपेर्तो (टेबलावर बसण्याचा आकार) लागतो, ती फसवणूक नाही.

कॅथेड्रल दुपारनंतर. एकतर दर्शनी भिंत पश्चिमेकडे आहे, उतरत्या उन्हात सोन्याचे मोझेक चमकतात, सकाळी तेच जरा विझलेले वाटतात. दुसरं म्हणजे पोरांना आत नेण्याआधी बाहेरच अर्धा तास जातो. काळे-पांढरे पट्टे बघून मुलगी म्हणाली झेब्रा चर्च, आता घरात तेच नाव पडलंय. दारांच्या वर चार ब्रॉन्झचे प्राणी आहेत, म्हणजे एक देवदूत, बाकी सिंह, गरुड आणि बैल, ते शोधायला लावा. खालच्या संगमरवरी खांबांवर या चर्चचा वास्तुकार लोरेन्त्सो माइतानी याच्या काळातलं कोरीवकाम, डावीकडे जगाची उत्पत्ती, उजवीकडे शेवटचा न्याय, भुतं माणसांना ओढतायत, चावतायत, पोरं तिथून हलत नाहीत. आत तिकीट आहे, खांदे झाकलेले हवेत. सान ब्रित्सिओ चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीची १४९९ ते १५०४ मधली चित्रं, हिरव्या-निळ्या कातडीचे राक्षस वगैरे, घाबरट पोर असेल तर आधी बाहेरचं कोरीवकाम दाखवून अंदाज घ्या. अँटीख्राइस्टच्या (म्हणजे खोट्या ख्रिस्ताच्या) चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यात सिन्योरेल्लीने स्वतःलाच काढलंय, कोण आधी शोधतो ही पैज लावा.

बाहेर आल्यावर जवळच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर मौरित्सिओ बघा, चौदाव्या शतकातला ब्रॉन्झचा माणूस, तासाला हातोड्याने घंटा वाजवतो. तासाच्या दोन मिनिटं आधी जेलातो घेऊन उभे राहा. त्याच भागात मिकेलांजेली कुटुंबाचं लाकडी कामाचं दुकान आहे, लाकडी घोडे-मांजरं वगैरे, बघायला फुकट, घ्यायला महाग.

सगळ्या ठिकाणांचं एकत्र कार्ड मिळतं, कार्ता उनिका. पण पोरांसोबत दोन-तीनच गोष्टी होतात, म्हणून सुट्या तिकिटांची बेरीज करून बघा आणि मगच घ्या. चिविता दि बान्योरेज्जो हे टेकडीवरचं दुसरं जुनं गाव जवळ आहे म्हणून तेही त्याच दिवशी जोडावंसं वाटेल, जोडू नका, बस मोजक्या आणि पुढे लांबलचक चढाचा पूल, परत येईपर्यंत सगळे भांडतात.

शेवटी फ्युनिक्युलरशेजारचा आल्बोर्नोत्स किल्ल्याचा बगीचा. फुकट आहे, पळायला मोकळी जागा, तटावरून खालचं अख्खं खोरं दिसतं, मघाशी म्हटलं ते दृश्य हेच. लहानग्यांचा हात मात्र धरा, पलीकडे सरळ कडा आहे. ट्रेनच्या पाऊण तास आधी इथे या म्हणजे घाई होत नाही, आणि रविवार असेल तर परतीच्या गाड्यांच्या वेळा सकाळीच फोटो काढून ठेवा, त्या दिवशी गाड्या कमी असतात.